मास्तरांच्या कादंबरीतली सुगी

अनंतमास्तरांचे नाव आधी घेतो. कॅसलरॉकच्या मराठी शाळेत त्यांनी माझा हात धरून मला पाटीवर अक्षरे काढायला शिकवले. भातकापणीला मला घरी ठेवून घेतले म्हणून ते रान तुडवीत आमच्या अंगणात आले आणि माझ्या अप्पांशी भांडले. बेळगावच्या बोर्डिंगात मला जागा मिळेपर्यंत ते तिथल्या ओट्यावर बसून राहिले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी स्वतःचे नाव लिहिलेले नाही. आज माझ्या नावापुढे बी. ए. लागते, ते मास्तरांमुळे. हे सारे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्यावर रागावणार आहे. कृतघ्न माणसाला राग सोपा असतो. मला तो फार जड जातो आहे.

सुगी आली आहे. बेळगावच्या ज्या शाळेत शिकवतो तिथून रजा काढून मी घरी आलो आहे. दिग्गीच्या वाटेवरच्या आमच्या गावात या दिवसांत सकाळ उशिरा उजाडते. धुके दरीतून वर चढते आणि माट्टीच्या झाडांत अडकून बसते. उन्हाची पहिली तिरीप शेतावर पडली की ओल्या भाताला एक गोडसर, किंचित आंबूस वास सुटतो. शहरात राहून मला जे जे विसरायला झाले, त्यात हा वास नाही. विळ्याची कर्रकर्र, बायकांच्या बांगड्या, मधूनच दूर घाटात चढणाऱ्या गाडीची धाप. खळ्याच्या मध्यभागी मेढ रोवलेली, तिच्याभोवती बैल फिरतात आणि आमचे अप्पा त्यांच्यामागे 'हो, हो, हो' म्हणत अर्धवट झोपेत चालतात.

या सुगीत एरवी मी सुखी असतो. पण परवा कॅसलरॉक स्टेशनावरून येणाऱ्या एका गड्याने मला मास्तरांचे टपाल आणून दिले. मास्तर आता नोकरीतून मोकळे होऊन खानापुरात राहतात. त्यांच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. पुण्याच्या एका मासिकाने पहिल्या आवृत्तीची वाखाणणी केली. मात्र पूर्वार्धात रानटी लोकांच्या शेतीभातीचे पाल्हाळ फार आणि त्यांची ग्राम्य भाषा शिष्ट वाचकाच्या कानाला टोचते, असेही म्हटले. म्हणून प्रकाशकाच्या सांगण्यावरून पूर्वार्ध कापून चौथा हिस्सा ठेवायचा असे ठरले आहे. मास्तरांना ते पटले आहे. आणि त्या कापलेल्या पुस्तकाला प्रस्तावना मी लिहावी, अशी त्यांची इच्छा आहे. त्याच अरण्यातला एक पदवीधर आपल्या पुस्तकाची ग्वाही देतो आहे, हे वाचकांना आवडेल, असे त्यांनी लिहिले आहे.

मी ते वाचले आणि अर्धी पेंढी कापलेली तशीच हातात धरून बांधावर बसून राहिलो.

ही कादंबरी पहिल्यांदा वाचली गेली ती आमच्या खळ्यावर. त्या वर्षी मी मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि सुगीला घरी आलो होतो. मास्तर पावसाळाभर शाळेच्या खोलीत बसून लिहीत होते, हे सगळ्या स्टेशनाला ठाऊक होते. एका दुपारी ते तांबड्या फडक्यात बांधलेले बाड काखेत मारून आमच्या खळ्यावर हजर झाले. "ज्यांच्याकडून घेतलं त्यांना आधी दाखवायचं," ते म्हणाले. बैल सोडून झाले होते. बायका सुपे बाजूला ठेवून पाणी पीत होत्या. तांबडे फडके बघून पार्वतीअक्का उठली. ही आमची शेजारीण. नवरा तरुणपणी गेला, पण तिच्या जिभेला कोणी कधी आवर घालू शकले नाही. तिने हळदीचे बोट त्या फडक्याला लावले.

"अहो अक्का, ही पोथी नव्हे," मास्तर संकोचून म्हणाले. "ही कादंबरी आहे."

"म्हंजी काय वो?"

"म्हणजे मनानं रचलेली गोष्ट."

"मग असू दे की. भाताच्या पेंढ्यांची उडवी बी रचलेलीच असती, तिला आमी हळद लावतोच."

मळणी चालली तोवर रोज दुपारी वाचन झाले. गोष्ट अशी होती. घाटात लढाई होते. समरसिंह नावाचा एका सरदाराचा मुलगा जखमी होऊन रानात पडतो. डोंगरातल्या एका गावची शेवंती नावाची मुलगी त्याला पेंढ्यात लपवते. एक सुगीभर तो तिथे राहतो, बरा होतो, निघून जातो. हा पूर्वार्ध. मी नंतर कॉलेजात पुष्कळ पुस्तके वाचली आणि शाळेत काही शिकवलीही, पण त्या पूर्वार्धासारखे लिखाण मला पुन्हा भेटलेले नाही. त्यात शेवंती पहिल्यांदा दिसते ती वाकून भात कापताना, आणि मास्तरांनी तिचे डोळे, ओठ, केस यांतले काहीही वर्णिलेले नाही. तिच्या डाव्या हाताच्या मुठीत किती भात मावतो आणि मूठ भरली की ती एकच काडी ओढून तिची गाठ कशी मारते, एवढेच सांगितले आहे. तेवढ्यात ती आम्हाला सगळी दिसली. समरसिंहाला ताप चढतो तेव्हा तिची आई त्याला शिव्या घालीत पेज पाजते. गव्यांचा कळप शेतात उतरतो आणि सारे गाव डबे बडवते, त्या गोंगाटात शेवंती त्याला आपले नाव सांगते आणि त्याला ते ऐकू येत नाही. असे प्रसंग आमच्यात जन्मलेलेच माणूस लिहील असे वाटते. मास्तर तर घाटावरचे, पांढरपेशे. पण ते बघत होते. इतकी वर्षे आमच्यात वावरून ते नुसते शिकवीत नव्हते, बघतही होते, हे मला त्या दुपारी कळले आणि मला त्यांच्याबद्दल जो अभिमान वाटला तो मी अजून सोडलेला नाही.

दोष त्याही भागात होते. ऐन कापणीत मास्तर थांबतात आणि राजघराण्याची वंशावळ सांगत बसतात. तिथे आमचे अप्पा सरळ झोपी गेले. कोकिळा नको तिथे ओरडते. मार्गशीर्षात आमच्याकडे कोकिळा ओरडत नाही, हे शेंबडे पोर सांगेल. पण हे शेतातल्या तणासारखे दोष. पीक जोरकस असले की तण दिसत नाही.

मग उत्तरार्ध सुरू झाला. राजवाडा आला, भुयारे आली, अंगठीत लपवलेल्या चिठ्ठ्या आल्या, मूर्च्छा आल्या. चंद्रप्रभा नावाची राजकन्या आली, जी पानोपानी चंद्राकडे बघते. समरसिंह तिला 'हे हृदयस्वामिनी' म्हणून हाक मारून बोलू लागला, तेव्हा पार्वतीअक्काने हात वर केला.

"मास्तर, ह्यो कोण आला नवीन?"

"नवीन नाही, तोच समरसिंह."

"न्हाई वो. त्यो आमच्यात असताना पेज मागून खायाचा, शिंकला की आई गं म्हणायचा. ह्यो दुसरा कोण तरी हाय. नीट बघा, पानं उलटी लागली असतील."

सगळे खळे हसले. मास्तरही हसले. पण त्यांनी खरेच एकदा पाने बघितली.

उत्तरार्धाच्या शेवटी शत्रू समरसिंहाच्या मागावर असतात. शेवंती त्याचा शेला पांघरून त्यांना चकवीत कड्याकडे नेते आणि कड्यावर उभी राहून भाषण करते. प्रेम, त्याग, आर्यस्त्रीचा धर्म. शेवंती, जी पूर्वार्धात 'व्हय' आणि 'न्हाई' यांवर दिवस काढते, ती आता समासांत बोलते. मास्तर उठून उभे राहून वाचत होते. अप्पा हळूच मला म्हणाले, "कड्यावर एवढं कोण बोलतंय रे? वारं असतंय तिथं." मग शेवंतीने उडी घेतली. मास्तरांनी डोळे पुसले, पान उलटले आणि पुढचे प्रकरण वाचू लागले: समरसिंह आणि चंद्रप्रभा यांचा विवाह, हत्तीवरून मिरवणूक, नौबती.

"थांबा," पार्वतीअक्का म्हणाली. "मढं कुणी आणलं?"

"कुणाचं?"

"तिचं. शेवंतीचं. दरीत पडली न्हवं? आणायला कोण गेलं?"

मास्तर चाचरले. "ते... ते कथेत नाही."

"आणि तिची आय? तिला कळलं का?"

"तेही नाही."

"म्हंजी पोरगी दरीत आणि तुमी हत्ती सजवाय लागलासा?"

त्यानंतर खळ्यावर जे झाले ते समजायला आमची एक रीत सांगायला हवी. रानात ज्याला अवकाळी मरण येते, वाघाने नेलेला असो की कड्यावरून पडलेला, त्याच्या नावाने रानाच्या कडेला एक धोंडा उभा करतात. तो उभा होईपर्यंत नवा तांदूळ घरात शिजवीत नाहीत. मेलेले माणूस उघड्यावर उपाशी असताना आपण नवे कसे खायचे, एवढाच त्यामागचा विचार. आणि त्या वर्षी मळणी संपत आली होती, नव्याचा दिवस तोंडावर होता. बायका कुजबुजू लागल्या. शेवंती सुगीतली पोर, आमच्यासारख्याच गावातली, आमच्याच खळ्यावर मेलेली. तिचा धोंडा झाल्याशिवाय नवे खायचे कसे?

मास्तर कळवळून समजावू लागले. "अहो, ती नव्हतीच! मी रचली ती. मनातली आहे ती!"

"नव्हती?" पार्वतीअक्का म्हणाली. "मग तुमी कुणासाठी रडलासा?"

मास्तर बाड फडक्यात बांधू लागले. मीही तिथेच होतो. शिकलेला म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी त्या बाडाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेताच्या कडेला, किंदळाच्या झाडाखाली, बायकांनी एक हातभर लांबीचा काळा धोंडा उभा केला. त्याला शेंदूर लावला, समोर पानावर पेज ठेवली. पार्वतीअक्काने शेवंतीच्या आईच्या जागी बसून गाऱ्हाणे घातले, कारण पुस्तकातल्या आईला कोणी कळवलेच नव्हते. मास्तर टोपी काढून हात जोडून उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. परत येताना वाटेत ते मला म्हणाले, "नारायण, उत्तरार्ध मी पुन्हा लिहिणार. या पोरीचं काहीतरी करायला हवं." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. माझ्या रागाचे मूळ ते आहे.

कारण त्यांनी काहीही केले नाही.

पुढे मी पुण्याच्या कॉलेजात असताना कादंबरी छापून आली. बाडावर मास्तरांनी साधे 'काळीकाठ' असे नाव घातले होते, आमच्या काळी नदीवरून. छापील पुस्तकावर होते, 'समरसिंहाची शपथ अथवा प्रणयाचा बळी'. कडा तसाच होता. भाषण तसेच होते, किंबहुना अर्धे पान वाढले होते. हत्ती तर वाढलेच होते. मी मास्तरांना विचारले तेव्हा त्यांनी कळवले की शेवट बदलायला प्रकाशक तयार होईना.

वसतिगृहात ते पुस्तक हातोहात फिरले. एका रविवारी आमच्या खोलीत एकजण पूर्वार्धातली शेवंतीची भाषा नाटकी सुरात वाचू लागला आणि बाकीचे लोळू लागले. मग तो माझ्याकडे वळला. "काय रे नारायण, तुमच्याकडे खरंच असं बोलतात?"

"व्हय," मी म्हणालो. "आमच्याकडं असंच बोलत्यात. तुझ्याकडं कोण समरसिंहासारखं बोलतंय ते सांग. तुझा बाप तुझ्या आईला हृदयस्वामिनी म्हणतो का?"

हशा माझ्या बाजूने झाला, पण मला तो नको होता. मला तिथून उठून जायचे होते आणि जायला जागा नव्हती. ज्या पानांनी मला माझी माणसे पहिल्यांदा छापील अक्षरांत दाखवली, ती पाने इतरांना हसण्यासारखी वाटावीत, आणि ज्या पानांत शेवंतीला लाकडाची बाहुली करून कड्यावरून ढकलले, ती पाने वाचून याच मुलांनी उशा भिजवाव्यात! मासिकातल्या परीक्षकानेही तेच केले. त्याला आमचे जगणे पाल्हाळ वाटते आणि आमचे मरणे उदात्त.

तरी मला न्यायाने बोलायचे आहे. उत्तरार्ध सगळाच टाकाऊ नाही. समरसिंह वेषांतर करून घरी येतो तेव्हा त्याची आंधळी आई त्याला खोकल्यावरून ओळखते आणि कोणाला सांगत नाही, नुसते त्याच्या ताटात तूप जास्त वाढते. त्या दोन पानांसाठी मी मास्तरांच्या पाया पडेन. म्हणजे हात थकला नव्हता. डोळे गेले नव्हते. राजवाड्यातही त्यांना माणूस दिसत होता, जेव्हा ते बघत होते तेव्हा. मग बघायचे का सोडले? दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांत राजवाडे असे असतात, राजकन्या अशा बोलतात, रानातल्या मुली अशा मरतात, म्हणून? ज्याने मला शिकवले की फळ्यावरचे उत्तर शेजाऱ्याच्या पाटीवर बघून लिहू नये, त्याने हे करावे?

काल दुपारी मी खळ्यावर मास्तरांचे पत्र वाचून दाखवले. पार्वतीअक्का आता थकली आहे. पाखडताना मधे मधे थांबते. पण जीभ तशीच.

"कापायचं म्हंजी काय करायचं?"

"पहिला भाग कमी करायचा, अक्का. थोडाच ठेवायचा."

"म्हंजी शेवंती आमच्यात होती, त्या जखमी पोराला पेज करत होती, त्यो?"

"व्हय. तोच."

तिने सूप खाली ठेवले. "मग उरलं काय? कड्यावरनं उडी टाकायला कोण तरी पायजे, म्हणून येणार व्हय ती?"

अप्पा बैलांमागे चालत होते, ते थांबले. "तू काय लिवणार हाईस त्यांस्नी?" त्यांनी मला विचारले. मग माझे उत्तर यायच्या आत म्हणाले, "गुरू हाय त्यो तुझा. वाकडं लिवू नको. पण खोटं बी लिवू नको." आणि पुन्हा चालू लागले, जणू या दोन्ही गोष्टी एका कागदावर मावणे हे अगदी सोपे काम आहे.

मग संध्याकाळपर्यंत बसून मी लिहिले. दोनदा फाडले. तिसऱ्यांदा लिहिलेले आज सकाळी स्टेशनावर जाऊन टपालात टाकले. ते असे:

तीर्थस्वरूप गुरुवर्य अनंतमास्तर यांच्या चरणी नारायणाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र पोचले. आपली प्रकृती बरी असल्याचे वाचून आनंद झाला. इकडे मळणी चालू आहे. पाऊस वेळेवर गेल्याने भात भरले आहे.

मास्तर, मला आपला राग आला आहे. हे वाक्य लिहायला दोन कागद फाडावे लागले, पण ते खरे आहे. परीक्षकाला पूर्वार्ध टोचला याचे मला नवल नाही. त्याने हे रान पाहिलेले नाही. आपण पाहिलेले आहे. आपल्याला ठाऊक आहे की पुस्तकात जिवंत जे आहे ते पूर्वार्धात आहे. तेच कापायला आपण कबूल कसे झालात? शेवंतीच्या मुठीत मावणारे भात, तिच्या आईच्या शिव्या, डब्यांचा गोंगाट हे सगळे काढल्यावर ती कोण म्हणून मरणार? अनोळखी मुलगी कड्यावरून पडली तर वाचक हळहळेल आणि पान उलटील. आमच्या खळ्यावर कोणी पान उलटू दिले नाही, कारण ती ओळखीची होती. ती ओळख आपणच करून दिली होती. तेवढी ताकद लेखणीत असणाऱ्याने मासिकातल्या चार ओळींना भ्यावे, याची मला चीड येते.

आपण वाटेत मला एक शब्द दिला होता. तो आपल्याला आठवतो का, हे मी विचारत नाही. आठवतो, हे मला माहीत आहे.

कात्री लावायचीच असेल तर कड्यावरच्या भाषणाला लावावी. हत्तींना लावावी. चंद्राला लावावी. आंधळ्या आईला मात्र हात लावू नये. प्रकाशक ऐकणार नसेल तर दुसरी आवृत्ती निघू नये. पहिलीच, दोषांसकट, राहू द्यावी. तिच्यात निदान आम्ही आहोत.

दुसरी आवृत्ती तशीच कापून निघणार असेल, तर प्रस्तावना मी लिहिणार नाही. याचे मला वाईट वाटते, हे लपवीत नाही. छापील पुस्तकात माझे नाव यावे, तेही आपल्या नावाशेजारी, ही माझी फार दिवसांची हौस आहे. पत्र आले तेव्हा आधी मी तेच वाचले आणि हरखलो. पण मास्तर, त्या पुस्तकात माझी माणसे नसतील, तर माझे नाव तिथे एकटे जाऊन काय करील?

आपला विद्यार्थी,
नारायण